चमन महालाचा हिशेब

भोपाळहून बैरसिया रस्त्याने गेले की शहराच्या वेशीबाहेर थोड्याच अंतरावर जगदीशपूर लागते. 2023 पर्यंत याचे सरकारी नाव इस्लामनगर होते. भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त मोहम्मद खान याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे गाव घेतले, नाव बदलले आणि इथे चमन महाल बांधला.

महाल देखणा आहे. लाल दगडाच्या खांबांवर फुलापानांची नक्षी, वर बाकदार छज्जे, समोर चारबाग आणि तिच्यात कारंजी. शेजारी हमामखाना, गरम पाण्याच्या सोयीसह. माळव्याच्या उन्हातून आत आलेला माणूस दोन मिनिटांत खानाच्या बाजूचा होतो. सावलीचा हा गुण आहे.

गाव घेतले कसे, याची कथा मात्र परिसरात आजही सांगतात. खानाने इथल्या राजपूत सरदाराला नदीकाठी मेजवानीला बोलावले आणि जेवत्या पानावर पाहुणे कापून काढले. पाणी लाल झाले आणि या हलाल करण्यावरून नदीचे नाव हलाली पडले. पुढे तिच्यावर धरण झाले. त्याला कागदोपत्री सम्राट अशोक सागर म्हणतात. कलिंगाच्या रक्तपातानंतर पस्तावलेल्या राजाचेच नाव इथे यावे, हा योगायोगच असावा.

आता काही जण म्हणतात, झाले गेले, बाग बघा. काहींना गावाचे जुने नाव परत आले की हिशेब मिटला असे वाटते. मला दोन्ही उत्तरे सोयीची वाटतात. बागेचा आनंद घेण्यात पाप नाही. पण पोराने नदीच्या नावाचे कारण विचारले तर विषय बदलू नये. आणि कारण सांगताना तिथल्या आजच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या जेवणावळीत तो नव्हता.

मराठी पर्यटकाला इथे न्यायाधीश व्हायचा मोह फार. डिसेंबर 1737 मध्ये बाजीरावांनी याच भोपाळात निजामाला कोंडले, त्याची रसद तोडली. जानेवारीत दोराह्याचा तह झाला आणि माळव्यासोबत पन्नास लाख रुपये खर्चापोटी मिळवून देण्याचे निजामाने कबूल केले. हा पराक्रम आपण छाती फुगवून सांगतो, सांगावाही. पण वेढ्यात भोपाळच्या रयतेच्या चुली कशावर पेटल्या असतील आणि ते पन्नास लाख शेवटी कोणाच्या खळ्यावरून उचलले जाणार होते, हे प्रश्न आपल्या गप्पांत येत नाहीत. खानाला जाब विचारताना मात्र आपल्याला सगळे आठवते.