रद्द नोटांची अमानत

अम्मीच्या इंतकालानंतर तिच्या कुराण शरीफच्या जुजदानात पाचशेच्या तीन नोटा सापडल्या. २०१६ च्या नोव्हेंबरात रद्द झालेल्या. सोबत चिठ्ठीवर उर्दूत एकच ओळ : 'आजी की अमानत'. आजी म्हणजे आळंदीतल्या आमच्या माळकरी शेजारीण. त्या दिवाळीत लेकीकडे जाताना त्यांनी हे पैसे अम्मीजवळ ठेवले होते. तिकडेच त्या वारल्या.

मला जुन्या नोटा जमवण्याचा छंद आहे. २०१७ च्या कायद्याने अशा रद्द नोटा कुणालाही दहापर्यंत जवळ ठेवता येतात, अभ्यासकाला व संग्राहकाला पंचवीस. म्हणजे माझ्या वहीत त्या खुशाल बसल्या असत्या. पण त्या माझ्या होत्या का?

आपल्याकडे १८६१ पर्यंत खासगी बँकाही नोटा काढत. मुंबईची १८४० सालची बँक ऑफ बॉम्बे त्यांतलीच. पुढे तो अधिकार सरकारने घेतला. अमेरिकेत मात्र १८६३ ते १९३५ या काळात लहानमोठ्या गावांतल्या १२ हजारांहून अधिक बँकांनी नोटा काढल्या. नोटेवर गावाचे नाव आणि बँकेच्या कॅशियर व अध्यक्षाची सही असे. त्यांतल्या कित्येक बँका बुडाल्या. पण नोटांसाठी सरकारकडे रोखे तारण होते आणि पुढे ती देणेदारी सरकारने स्वतःवर घेतली. म्हणून ती नोट आजही दर्शनी किमतीला चालते. सही करणारा कबरीत गेला, वचन राहिले.

आपल्या रद्द नोटांवरची रिझर्व्ह बँकेची देणेदारी २०१७ च्या त्याच कायद्याने संपली. सरकारला असे करता येते. माणसाला येते का?

मामू म्हणाले, "अमानत आपल्या कसुराशिवाय नासली तर अमानतदारावर भरपाई नाही." मसला बरोबर आहे. पण इथे कसूर होता की नव्हता? खात्यात भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. अम्मी बँकेत गेली नाही, कारण परक्याच्या पैशाला हात लावायचा नाही हेच तिला ठाऊक. जपण्याच्या नादातच ती अमानत कागद होऊन गेली. याला कसूर म्हणावा की ईमान, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

न ठरवताच मी आजींच्या लेकीकडे गेलो आणि दीड हजार रुपये दिले. शंका असेल तिथे देऊन मोकळे व्हावे, एवढेच मला कळते. जुन्या नोटा तिने माझ्याकडेच राहू दिल्या. वहीत बाकीच्या नोटांखाली मी बाजारभाव लिहितो. या तिघींखाली अम्मीची चिठ्ठी लावली आहे.