‘आपण जिंकलो’ म्हणजे नेमकं कोण?

इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला चाललोय’ यांत एका ताटाचा फरक आहे.

मग टीव्हीसमोर बसलेला माणूस ‘वुई वन’ म्हणतो, तेव्हा त्याचं मराठी काय करायचं? तो मैदानात नव्हता. घाम त्याचा नाही, गुडघा त्याचा नाही. हिशेबाने ‘ते जिंकले’ एवढंच खरं. पण भारताने मॅच काढली की तुम्हीआम्ही कोणी ‘ते जिंकले’ म्हणतो का? ‘आपण जिंकलो’च म्हणतो. हे ‘आपण’ म्हणायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो? हा प्रश्न माझ्या मागे लागला तो अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या गावात.

मी सेंट लुईसला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. इंजिनिअरिंगची एक मैत्रीण कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सला पीएचडी करते. मार्च २०२३ मध्ये तिचा मेसेज आला, ‘या वीकेंडला ये. बास्केटबॉल कळत नसलं तरी चालेल, गाव बघ.’ साडेचार तास गाडी चालवून गेले.

मार्चमध्ये अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा असते. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ टीम, आणि एक मॅच हरली की थेट घरी. लॉरेन्सला या खेळाचं वेड जुनं आहे. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये इथल्या कॅन्सस विद्यापीठात आले आणि इथले पहिले कोच झाले. गंमत म्हणजे विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त मॅचेस हरलेले कोच ते एकटेच. त्यांनी १८९१ मध्ये लिहिलेले मूळ १३ नियम आज इथे काचेमागे ठेवलेले आहेत.

पण त्या शनिवारी मॅच लॉरेन्समध्ये नव्हतीच. ही स्पर्धा त्रयस्थ ठिकाणी होते. कॅन्सस विरुद्ध आर्कान्सास मॅच आयोवातल्या डी मॉइन शहरात होती. म्हणजे मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवरच्या बारमध्ये निळे टीशर्ट घालून ओरडणाऱ्या गर्दीचा आवाज एकाही खेळाडूच्या कानावर जाणार नव्हता. तरी प्रत्येक वाक्य ‘वुई’नेच सुरू होत होतं. अर्ध्या तासाने मीही ओरडायला लागले. शेजारच्या काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. मी कोण, कुठली, व्हिसा कुठला, काही विचारलं नाही. परक्या देशात इतक्या सहज ‘आपण’मध्ये घेतलं जाणं काय असतं, ते घरापासून लांब राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कॅन्सस ७२–७१ असं एका पॉइंटने हरलं. आदल्या वर्षीची विजेती टीम दुसऱ्याच फेरीत बाहेर. आणि पाच मिनिटांत सर्वनामं बदलली. ‘त्यांनी घालवली.’ ‘त्यांना शेवटी खेळताच आलं नाही.’ माझा कान त्यातच अडकला. नंतर वाचलं, तर हे मानसशास्त्रात आधीच नोंदलेलं आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली, की सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. जिंकलेल्या मॅचबद्दल बोलताना ‘आपण’ जास्त यायचं, हरलेल्या मॅचबद्दल कमी.

मी हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, दोन घटका मजा आहे. त्यात नीतिशास्त्र कशाला आणतेस?” तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारतात, कोणाचं काही बिघडत नाही. पण खरंच बिघडत नाही का?

विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घ्या. १९५६ मध्ये कॅन्ससकडून पहिल्याच मॅचमध्ये त्याने ५२ पॉइंट केले. कोर्टावर तो ‘आपला’ होता. पण त्या काळी या भागातल्या अनेक हॉटेलांमध्ये काळ्या माणसाला जेवण मिळत नसे. टाळ्यांच्या वेळी ‘आपण’, ताटाच्या वेळी ‘आम्ही’. १९५७ ची फायनल कॅन्सस तीन जादा डावांनंतर ५४–५३ ने हरलं. १९९८ मध्ये त्याच्या सन्मानासाठी विद्यापीठाने त्याला बोलावलं, तेव्हा तो म्हणाला की आपण विद्यापीठाची निराशा केली असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. एका पॉइंटची हार त्या माणसाने चाळीस वर्षं एकट्याने वाहिली. ‘वुई’ म्हणणाऱ्या हजारोंपैकी किती जणांच्या वाट्याला तिचा तुकडा आला असेल?

दुसरं उदाहरण फुटबॉलचं. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगारांना मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण त्याचं खेळणं ही नोकरी धरता येत नाही. त्याच काळात कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनसीएएने, ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द रूढ केला. खेळाडूला नोकर ठरवलं जाऊ नये म्हणून तो घडवला होता, असं संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहिलं. दरम्यान खेळ वाढला. २०१६ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा करार २०३२ पर्यंत वाढवला गेला, त्या वाढीव ८ वर्षांची किंमत ८.८ अब्ज डॉलर. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घ्यायची परवानगी मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. विद्यापीठांनी कमाईतला वाटा थेट खेळाडूंना द्यायची वाट खुली झाली ती जून २०२५ मध्ये, कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर.

हे अब्जावधी डॉलर येतात कुठून? बघणाऱ्यांमुळे. बारमधल्या त्या काकूंमुळे, आणि त्या संध्याकाळपुरते माझ्यामुळेही. म्हणून ‘आपण’ हा शब्द खोटा आहे असं मला वाटत नाही. प्रेक्षक त्या खेळात खरोखरच सामील असतो. फक्त सामील असण्यात देणंही येतं, आणि आपण तेवढं सोडून बाकी सगळं घेतो.

ऑफिसात हे रोज दिसतं. रिलीज नीट गेली की मॅनेजरच्या मेलमध्ये ‘आपण करून दाखवलं’. रात्री दोनला सर्व्हर पडला की पहिला प्रश्न, ‘हा कोड कोणाचा?’ गिटमध्ये कुठली ओळ कोणी लिहिली हे शोधायच्या कमांडचं नावच ‘ब्लेम’ आहे. ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणणाऱ्या कंपन्या नोकरकपातीच्या दिवशी कोणतं सर्वनाम वापरतात, तेही आमच्या पिढीने पाहिलंय.

मला वाटतं, ‘आपण’ हे वर्णन नाही, ते वचन आहे. वर्णन म्हणून तपासलं तर ते नापासच होईल, कारण बॉल माझ्या हातात नव्हता. वचन म्हणून तपासायचं तर प्रश्न वेगळे विचारावे लागतात. हरल्यावर मी त्या शब्दात थांबते का? खेळाडूचा गुडघा गेला तर त्याच्या उपचारांचा प्रश्न मला माझा वाटतो का? एकोणीस वर्षांच्या मुलाला हरल्या रात्री फोनवरून शिव्या देणाऱ्यांमध्ये मी आहे का? खेळाडू पैसे मागतात तेव्हा ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही’ म्हणून मी कुरकुरते का?

मराठीत ‘आपण’ची आणखी एक तऱ्हा आहे. ‘आपण बरं, आपलं काम बरं’ म्हणतानाही तोच शब्द येतो, पण तिथे ‘आपण’ म्हणजे मी एकटी. जिंकताना पहिला ‘आपण’ आणि बिल आलं की दुसरा, ही सोय मराठी आपल्याला फुकट देते. ती वापरायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

त्या संध्याकाळी आमच्या मागच्या टेबलावर एक आजोबा होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी शांतपणे बिल भरलं आणि वेटरला म्हणाले, “वुई लॉस्ट.” त्याचं मराठी करायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.