सहा अक्षरांपुरतं नाव

1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे साताऱ्याच्या प्रतिसरकारचं प्रमुख केंद्र असलेलं कुंडल आज सांगली जिल्ह्यात सापडतं. नाव आणि ठिकाण यांची जोडी आपोआप टिकत नाही, कुणीतरी ती लावून ठेवावी लागते.

प्रोग्रॅममध्ये हे काम लिंकर करतो. असेंब्लरमधून निघालेल्या तुकड्यांत नुसती नावं असतात. कुठलं नाव मेमरीत कुठे राहतं, ते लिंकर ठरवतो.

मागच्या वर्षी माझ्याकडे दुधाचं फॅट मोजणाऱ्या यंत्राचा जुना कोड आला. 8051 चिप, आणि नावाची पहिली सहाच अक्षरं बघणारा लिंकर. यात तेव्हा नवल नव्हतं. सी भाषेच्या 1989 च्या मानकानंही दुसऱ्या फाइलमधून वापरायच्या नावांना सहाच अक्षरांची हमी दिली होती.

कोडमध्ये गायीच्या आणि म्हशीच्या दुधासाठी दोन वेगळे दुरुस्तीचे आकडे होते. दोघांच्या इंग्रजी नावांची पहिली सहा अक्षरं सारखीच. लिंकरनं दोन्ही नावं एकच धरली, आणि म्हशीच्या दुधालाही गायीचा आकडा लागला. फॅट 0.1 नं कमी दिसायचं. भाव फॅटवर ठरतो, म्हणजे दर लिटरमागे थोडे पैसे कमी.

लिंकर गप्प नव्हता. एकच नाव दोनदा आल्याचा इशारा तो दर वेळी देत होता. कटकट नको म्हणून कुणीतरी स्क्रिप्टमध्ये इशारेच बंद करून ठेवले होते. मीही हे कैकदा केलंय.

नाव बदलायला पाच मिनिटं लागली. नव्या आवृत्तीच्या माहितीत मी लिहिलं, ‘आधी म्हशीच्या दुधाचं फॅट 0.1 नं कमी दिसत होतं.’ साहेबांनी ते खोडून ‘अचूकतेत सुधारणा’ केलं. म्हणाले, ‘‘आता बरोबर झालं ना? मुद्दाम कुणी केलं होतं का?’’

मुद्दाम नव्हतं, हे खरंच. पण कळेपर्यंतच ती चूक होती. कळल्यावर गप्प बसलो, तर ती लबाडी होते, आणि इशारे बंद करणारा दुसरा माणूस मी होतो. मी मूळ ओळ परत घातली. आमचं वाजलं, पण ओळ राहिली.

फरकाचे पैसे कुणाला मिळतील का, ते माझ्या हातात नाही. ते मागायचे की सोडून द्यायचे, हे मात्र ज्यांच्या गोठ्यातलं दूध होतं त्यांनी ठरवायचं. त्यासाठी आधी त्यांना कळायला हवं.

स्क्रिप्टमधले इशारे मी पुन्हा सुरू केलेत. बरेच आहेत. रोज थोडे वाचतो.