पिणं चव्हाट्यावर, सोडणं चोरून

आप्पा जळगावचे, पण त्यांची मीटिंग धुळ्याला. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. "जळगावात मीटिंग नाही का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "असते ना. पण तिथं कुणी पाहिलं तर?"

यावर हसू येणं साहजिक आहे. आप्पांची दारू अख्ख्या गल्लीला माहीत होती. रिक्षावाले पत्ता न विचारता त्यांना घरी आणून सोडायचे. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी काय केलं, ते नातेवाइकांना तोंडपाठ आहे. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लपवायचं होतं ते इतकंच, की हा माणूस आता दारू सोडायला निघालाय.

पिताना वाटली नाही ती लाज सोडताना का वाटावी?

मला वाटतं, पिणारा माणूस कसलाही दावा करत नाही. त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नसते, म्हणून अपेक्षाभंगही नसतो. 'सोडतोय' म्हणणारा मात्र दावा करतो, आणि त्या क्षणापासून गावाला त्याच्यावर नजर ठेवायचा हक्क मिळतो. बघू किती दिवस टिकतो ते. लग्नाच्या वरातीत, पोळ्याच्या संध्याकाळी जुने सोबती ग्लास पुढे करणार, आणि त्यात परीक्षा पाहण्याचा भाग आग्रहाहून जास्त असणार.

आपल्याकडे दारू सोडायची ओळखीची रीत म्हणजे शपथ. देवासमोर, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, नाहीतर गळ्यात माळ घालून. माळेचा उपयोग होतो, हे मी पाहिलंय. माळकऱ्याला सहसा कुणी आग्रह करत नाही. पण शपथ मोडली की तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि मग त्या लाजेपायीही माणूस पितो. आप्पांनी अशा तीन शपथा मोडल्या होत्या.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे 'एए'मध्ये जन्मभराची शपथ नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. सभासद व्हायला दारू सुटलेली असावी लागत नाही. सोडायची इच्छा पुरते. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले, तिथून हे सुरू झालं. पिणाऱ्याला पिणाराच ऐकू शकतो, हा त्यांना लागलेला शोध. भारतात हे काम १९५७ पासून आहे. अनामिकतेचा नियम त्यांनी मुख्यतः वर्तमानपत्रं, रेडिओ, सिनेमा यांच्यासाठी लिहिला. घरच्यांपासून लपा, असं त्यात कुठंही नाही.

एकदा खुल्या सभेला, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा मीटिंगला, मी आप्पांबरोबर गेलो. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यावर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरली. मी खिशात हात घातला, तर शेजारच्याने हळूच थांबवलं. बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत. एकेक जण उठून नुसतं पहिलं नाव सांगायचा, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचा आणि बोलायचा. कुणी मध्ये बोलत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. आमच्या खानदेशात पाणी मागितलं तरी आधी सल्ला मिळतो, त्यामुळे मला हे अवघडच गेलं.

समोरच्या बाकावर जळगावचाच एक जण निघाला. तोही कुणी पाहू नये म्हणून धुळ्याला आलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मान हलवली. तिथं कुणाला पकडता येत नाही, कारण पकडणाराही त्याच कामासाठी आलेला असतो.

इथवर मी आप्पांच्या बाजूने होतो. पण काकू एकदा म्हणाल्या, "पिताना मला चव्हाट्यावर आणलं. आता सुधारायचं ते मात्र चोरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महाराष्ट्रातल्या बायका दारूशी उघड्यावर लढत आल्यात. दुकान बंद करण्यासाठी 'आडव्या बाटली'ला मत देताना गावातल्या निम्म्याहून अधिक मतदार बायकांना घराबाहेर पडावं लागतं. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही दारूतून बाहेर आलेली माणसं समुपदेशक होऊन उघडपणे बोलतात. मग आप्पांनाच आडोसा का?

आडोसा हवा, असं मी अजूनही म्हणेन. नव्याने चालायला लागलेल्याला पडायची मुभा हवी, आणि गाव ती देत नाही. पण गावापासून आडोसा आणि काकूंपासून आडोसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एएच्या बारा पायऱ्यांत आठवी आणि नववी याच हिशेबाच्या आहेत: ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची, आणि त्यांना आणखी इजा होणार नसेल तिथं भरपाई करायची. गाव त्या यादीत खालीच असणार. काकूंचं नाव पहिलं. पण भरपाई झाली की नाही, हे ठरवणार कोण? देणारा नक्कीच नाही.

काकूंना मी कुटुंबीयांच्या ॲल-ॲनॉन सभांबद्दल सांगितलं. १९५१ साली बिलची बायको लॉइस हिच्या पुढाकाराने त्या सुरू झाल्या. काकू म्हणाल्या, "पिणार हे, आणि मीटिंगला मी जाऊ?"

परवा आप्पांना सात महिने झाले. पारोळ्याच्या स्टँडवर एका ओळखीच्याने खिडकीशी येऊन विचारलं होतं, "कथा चालना, आप्पा?" हे म्हणाले, "धुळ्याला, मीटिंगले." कसली ते त्याने विचारलं नाही. घरी आल्यावर हे त्यांनी काकूंना सांगितलं. काकू ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. बँकेचं पासबुक अजून त्यांच्याच कपाटात आहे, आणि आप्पांनी ते मागितलेलं नाही.