नागपूरला प्लांट हेड कुठून मिळणार?

हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात, भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून उभा आहे आणि या दोहोंच्या आधाराने हिंगणा-बुटीबोरीत सुट्या भागांचे अनेक कारखाने चालतात. तरीही या पट्ट्यात प्लांट हेड किंवा ऑपरेशन्सचा प्रमुख हवा असला की नजर आधी पुण्याजवळच्या चाकणकडे, मग चेन्नईकडे वळते आणि ‘चांगली माणसं नागपूरला येत नाहीत’ हे वाक्य लगेच ऐकू येते. माझ्या मते अडचण माणसांच्या टंचाईची कमी आणि शोधाच्या पद्धतीची जास्त आहे. कोणत्या पदावरचा माणूस हवा, हे आपण विचारतो. कोणते काम निभावलेला माणूस हवा, हे विचारायचे राहून जाते.

वरच्या पदाची भरती जाहिरातीवर क्वचितच होते, कारण हवा असलेला माणूस बहुधा आपल्या जागी स्थिर असतो, नोकरी शोधत नसतो. म्हणून कंपन्या सर्च फर्मला काम देतात. कोणत्या कारखान्यात कोणाच्या हाताखाली कोण आहे, हे फर्ममधला संशोधक हुडकून काढतो, लांबलचक यादी करतो, फोनवर चाचपणी करतो आणि शेवटी चार-पाच नावे पुढे ठेवतो. हे कष्टाचे आणि कसबाचे काम आहे. पण त्याच्या तक्त्यात कंपनीचे नाव, हुद्दा, पगार आणि नोटीस पिरियड एवढेच रकाने असतील, तर मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर बसलेलाच वर येणार. सावरलेली लाईन, घटवलेले रिजेक्शन, न चिघळता झालेला वेतनकरार यांना त्या तक्त्यात जागाच नसते.

ट्रॅक्टरचेच पाहा. त्याची मागणी पावसावर आणि पिकाच्या भावावर हलते. दसरा-दिवाळीच्या विक्रीसाठी त्याआधीचे दोन महिने लाईन पूर्ण भरात चालवावी लागते. पाऊस रुसला की तयार माल यार्डात अडकतो आणि कंत्राटी कामगार किती ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. शिवाय पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाले, म्हणजे इंजिन बदलले आणि त्यासोबत व्हेंडरची कामेही. मोटारींच्या कारखान्यात एकसारख्या वेगाने लाईन चालवलेला हुशार अधिकारी इथे चाचपडू शकतो. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये गुणवत्तेचे डेमिंग पारितोषिक मिळवले, तेव्हा ते मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी ठरली. असा मान शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षे मुरलेल्या शिस्तीशिवाय मिळत नाही. ही शिस्त घडवणारे सुपरवायझर आणि मॅनेजर कोण, हे शोधणे हेच संशोधकाचे खरे काम.

यावर कोणी म्हणेल, बाहेरचा माणूस नवी दृष्टी आणतो, आतल्यांना जुन्याच वाटा दिसतात. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पवन गोएंका जनरल मोटर्समधली चौदा वर्षांची नोकरी सोडून १९९३ मध्ये नाशिकला महिंद्राच्या संशोधन-विकास विभागात आले. पण त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेली स्कॉर्पिओ बाजारात आली २००२ मध्ये. त्यांना ठरावीक काम दिले गेले आणि ते पुरे करायला सवडही मिळाली. बाहेरचा माणूस आणून वर्षाच्या आत निकाल मागणाऱ्यांनी या उदाहरणाचा हा दुसरा भागही घ्यावा. दुसरा आक्षेप जोडीदाराच्या नोकरीचा आणि मुलांच्या शाळेचा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तरी ही चिंता रस्त्याने मिटणारी नाही. म्हणूनच १९६० मध्ये व्हीआरसीई म्हणून सुरू झालेल्या आजच्या व्हीएनआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या, आई-वडील इथेच असलेल्या अभियंत्यांचा विचार यादी करताना आधी व्हावा. गावचा म्हणून कोणाला पद देणे मात्र चूकच. गावाची ओढ माणसाला टिकवते, पात्रता देत नाही.

राहतो खर्चाचा प्रश्न. सर्च फर्मची फी बहुधा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी असते. बुटीबोरीतल्या मध्यम व्हेंडरला ती झेपणार नाही. पण दुसरी फळी घडवणे त्याला झेपेल, विशेषतः विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटना आणि आयआयएम नागपूर यांनी मिळून ती जबाबदारी उचलली तर. माणसे घडवायला वेळ मात्र द्यावा लागतो. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुण्याच्या कारखान्याची सुरुवात १९६६ मध्ये प्रशिक्षणापासून आणि यंत्रे बनवण्यापासून केली. तिथून पहिले व्यावसायिक वाहन निघाले ते १९७७ मध्ये. पुण्याकडे आज माणसे आहेत, याचे एक मोठे कारण ती अकरा वर्षे आहेत. नागपूरला चाकणमधून प्लांट हेड पळवता येईल, पण तो गेला की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. आपल्याच कारखान्यातल्या पस्तिशीच्या मॅनेजरला आज पेंट शॉप, उद्या व्हेंडर विकास आणि परवा वेतनकराराची बोलणी अशी कामे सोपवली, तर दहा वर्षांनी चाकणचे सर्च फर्मवाले नागपूरला फोन करतील. उद्योगाचे शहर म्हणून नागपूरची खरी वाढ तेव्हा सुरू होईल.