नाव जरा उशिरा ठेवू या

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या अंगणांत कढीपत्ता हटकून दिसतो; तिथे त्याला मीठा नीम म्हणतात. आज मन त्याच्या एका कोवळ्या पानावर ठेवू या. श्वास सावकाश चालू द्या. घाई कसलीच नाही.

पानावर लिंबाच्या फुलपाखराचं अंडं आहे. गोल, फिकट पिवळं, मोहरीहून लहान. ते काळंभोर पडलं आणि त्यातून अळी निघालीच नाही, तर आत दुसरंच कुणी वाढत असतं. एका परजीवी गांधीलमाशीनं त्यात आपलं अंडं घातलेलं असतं. ही माशी जेमतेम अर्ध्या-एक मिलिमीटरची. माणसाला तिचा काही त्रास नाही.

मनात लगेच प्रश्न येईल, ही कोण? उत्तराला थोडं थोपवून धरा. या फुलपाखराच्या अंड्यांवर निदान तीन वेगळ्या कुळांतल्या माश्या येतात.

आता भिंगाखाली बघतो आहोत असं समजा. पावलाची पेरं मोजा. तीनच भरली, डोळे लाल, पंखांवरचे केस ओळींनी लागलेले, तर ती ट्रायकोग्रामा. पेरं पाच, अंग काळं चकचकीत, मादीच्या मिशा टोकाशी जाड, तर टेलेनोमस. मधल्या पायाच्या नडगीला जाड काटा आणि डिवचताच टुणकन उडी, तर ऊएन्सर्टस.

इथे मन समाधान पावेल. त्या समाधानाकडेही जरा बघा. कळली ती फक्त प्रजाती. त्यातली नेमकी जात अजून कळलेली नाही. ट्रायकोग्रामाच्या जाती दिसायला एकीसारखी एक, आणि रंगावर विसंबावं तर तो हवेतल्या उष्णतेप्रमाणे बदलतो. भारतातल्या अशाच एका जातीला कित्येक वर्षं ‘ऑस्ट्रेलिकम’ म्हटलं जात होतं. बंगळूरला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ साली दाखवून दिलं, की खरी ओळख नराच्या जननेंद्रियाच्या रचनेत आहे. पुढे ती जात ‘चिलोनिस’ ठरली.

एवढा कीस काढायचा कशाला? उसाच्या खोडकिडीसाठी चिलोनिसची ट्रायकोकार्डं, म्हणजे ही माशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेली कार्डं, लावतात; भाताच्या खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामाच्याच जपोनिकम या जातीची. कार्डावर भलतीच जात आली, तर शेतकऱ्याचा हंगाम हातचा जाऊ शकतो.

पुन्हा शिवाजी नगरात या. २०२४ च्या जूनमध्ये या भागातली हजारो झाडं नव्या बांधकामासाठी तोडायचा बेत होता. रहिवासी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि तो मागे घेतला गेला. त्या झाडांबरोबर किती जाती वाचल्या, हे विचारात घ्या. त्यांतल्या कितीतरी अजून कुणी भिंगाखाली धरलेल्याही नसतील.

आता डोळे उघडा. कढीपत्त्यावर औषध फवारण्याआधी एकदा पानं उलटून बघा. काळी पडलेली अंडी दिसली, तर फवारू नका. तिथलं काम आधीच सुरू झालेलं आहे.