‘पुरेसे’ कुणी म्हणावे?

कामापुरत्या चांगल्या गोष्टीसाठी इंग्रजी भाषेत शब्दांची एक रांगच आहे. फेअर, डीसेंट, अ‍ॅडिक्वेट, सॅटिस्फॅक्टरी, पासेबल, टॉलरेबल, मीडिऑकर. शब्दकोशात हे सारे शेजारी-शेजारी बसतात, पण बोलण्यात प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. कामाला डीसेंट म्हटले तर माणूस सुखावतो, अ‍ॅडिक्वेट म्हटले तर त्याचा चेहरा उतरतो, आणि मीडिऑकर म्हटले तर तो अपमान समजतो. शाळेत मुलांच्या प्रगतीपुस्तकावर शेरे लिहिणाऱ्या आम्हां शिक्षकांना ही रांग नीट पाहावीशी वाटते, कारण असाच एखादा शब्द आम्ही दरवर्षी कितीतरी मुलांच्या नावापुढे लिहीत असतो.

या शब्दांची मुळे पाहिली तर त्यांत कमीपणा कुठेच नाही. फेअर म्हणजे जुन्या इंग्रजीत सुंदर. अ‍ॅडिक्वेट हा लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ बरोबरीला आणलेले, म्हणजे जेवढी गरज तेवढे. सॅटिस्फॅक्टरीच्या पोटात ‘पुरेसे करणे’ आहे. मीडिऑकरची कथा तर गमतीची आहे. मध्य आणि डोंगर या अर्थाच्या दोन जुन्या शब्दांपासून तो बनला. निम्मा डोंगर चढून गेलेला, असा त्याचा भाव. निम्मा डोंगर चढणे ही काय लाजेची गोष्ट आहे? तरीही एकेक करून हे शब्द खाली घसरले. स्तुती स्वस्त झाली की असे होते. साधारण कामालाही जिथे ‘उत्कृष्ट’ म्हणण्याची रीत पडते, तिथे ‘पुरेसे’ म्हणणे म्हणजे उणे काढणेच ठरते.

आपल्याकडे शब्दांनी वेगळ्या वाटा धरल्या. उर्दूतला ‘काफी’ म्हणजे मुळात पुरेसे. बोलता-बोलता तो ‘पुष्कळ’ झाला. ‘गनीमत’ म्हणजे लढाईत हाती लागलेली लूट. आज आपण म्हणतो, एवढे मिळाले हेच गनीमत! आणि मराठीतला ‘बरा’ पाहा. आजारी माणूस बरा झाला म्हणजे पूर्ण सुधारला. पण गाणे कसे झाले, या प्रश्नाला ‘बरे झाले’ असे उत्तर आले तर गायकाने काय ते समजून घ्यावे. शब्द एकच, पण तो कोण, कुणाविषयी आणि कशासाठी उच्चारतो यावर त्याचे वजन ठरते.

हे वजन किती मोठे असू शकते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तिथे शाळांची तपासणी ऑफस्टेड नावाची सरकारी संस्था करते. तिच्या चार श्रेणींपैकी वरून तिसरी होती सॅटिस्फॅक्टरी, म्हणजे समाधानकारक. सप्टेंबर २०१२ पासून तो शब्द काढून तिथे ‘सुधारणा आवश्यक’ असा शब्द आला. कालपर्यंत ज्या कामाला समाधानकारक म्हटले गेले असते, तेच काम आता दोषी ठरू लागले. यामागचा हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षे ‘समाधानकारक’वर थांबलेल्या शाळांत मुलांचे नुकसान होते, हे म्हणणे खोटे कसे म्हणावे? पण एका शब्दात अख्खी शाळा तोलण्याची किंमतही मोठी होती. खालची श्रेणी देणाऱ्या एका तपासणीनंतर एका मुख्याध्यापिकेने जानेवारी २०२३ मध्ये जीवन संपवले. त्या तपासणीचा यात वाटा होता, असा निष्कर्ष न्यायिक चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये एकशब्दी श्रेणी बंद झाली.

मग ‘पुरेसे’ हा सद्गुण मानावा की आळस? त्याची बाजू घेणारे दोन मोठे साक्षीदार आहेत. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये दाखवले, की माणूस सर्वोत्तमाच्या शोधात सगळे पर्याय तपासत बसू शकत नाही. तो एक किमान पातळी ठरवतो आणि तिला उतरणारा पर्याय स्वीकारतो. यासाठी त्यांनी ‘सॅटिस्फाइस’ हा शब्द रूढ केला. त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाची प्रत्येक गरज आई आधी जवळजवळ पूर्ण भागवते, मग बाळाला सोसेल तसतशी थोडी-थोडी मागे सरते. त्या उणिवेतूनच बाळ जगाशी जुळवून घ्यायला शिकते. परिपूर्ण आई त्याला ही संधीच देणार नाही.

दोघांचे म्हणणे आम्हांला पटते. मात्र दोघांच्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. सायमन यांचा माणूस पातळी ठरवतो ती स्वतःसाठी. विनिकॉट यांची आई मागे सरते ती बाळाचे सोसणे पाहून. आपल्या ताटातल्या भाकरीला आपण पुरेशी म्हणतो, तेव्हा ती कनाअत असते. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून ‘याला एवढे पुरे’ म्हणतो, तेव्हा कनाअतीचे नाव घेऊन आपण त्याचा वाटा कापत असतो. शब्द तोच, पण पहिल्या वेळी झीज म्हणणाऱ्याची असते, दुसऱ्या वेळी ज्याच्याविषयी म्हटले त्याची.

गरीब वस्तीतल्या शाळांना हा दुसरा ‘पुरे’ फार ऐकावा लागतो. एवढ्या मुलांना एवढ्या खोल्या पुरेत. प्रयोगशाळा नसली तरी चालेल, पुस्तकात चित्र आहेच. मुलगी दहावीला पस्तीस गुणांच्या काठावर पास झाली, आता बस झाले शिक्षण. उर्दू माध्यमात शिकवणारे कितीतरी शिक्षक आपली मुले दुसऱ्या शाळेत घालतात. त्यांची कारणे असतील, त्यांना दोष देण्याचा हा प्रसंग नाही. पण जी शाळा आपल्या मुलाला पुरेशी वाटत नाही, ती शेजारच्या मुलाला कोणत्या मापाने पुरेशी ठरते, हा प्रश्न उरतोच.

यावर कुणी म्हणेल, साधने अपुरी आहेत, सगळ्यांना सर्वोत्तम कुठून द्यायचे? खरे आहे. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला रोज कुठेतरी थांबावेच लागते. परंतु ‘आज एवढेच जमले’ आणि ‘याला एवढेच पुरे’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्यात उद्याचे देणे शिल्लक राहते. दुसऱ्यात खाते बंद होते.

म्हणून वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिण्याआधी समाधान नेमके कुणाचे झाले, हे विचारणे आम्हांला आवश्यक वाटते. मुलाला काय येते, काय अजून येत नाही आणि ते कोण शिकवणार, एवढे त्या रकान्यात मावते. त्यासाठी एक ओळ अधिक लिहावी लागेल, इतकेच.